मागचं वजन

आरे-वारेचा रस्ता बघायला लोक लांबून येतात. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे निघालं की दर्या डाव्या हाताला, आणि रस्ता डोंगराच्या कडेनं वळणं घेत चढतो-उतरतो. चिऱ्यानं भरलेली ट्रॉली ओढणाऱ्याला मात्र दर्या बघायला सवड नसते.

ट्रॅक्टर दोन टनांचा, मागं चिरा तीन टन. आमच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. चढाला आपण तिला ओढायचं, उताराला ती आपल्याला ढकलणार. शेतात डावा-उजवा ब्रेक वेगळा लागतो. रस्त्यावर दोन्ही पेडलं जोडलेलीच हवीत. नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर आडवा होतो. हुकाची पिन निघण्याआधी हातानं चाचपायची.

वळणावर ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून येत नाही, आतून येते. डाव्या वळणाला आत म्हणजे दर्याची कड. म्हणून ट्रॅक्टर जरा बाहेरून न्यायचा, तोही समोर एसटी नाही हे बघून.

आता स्टिअरिंग पुतण्याकडे दिलंय. परवा उताराच्या तोंडाशी म्हणाला, "काका, न्यूट्रल करू? डिझेल वाचेल."

"बाबा, ज्या गियरात चढलास त्याच गियरात उतर. न्यूट्रल केलंस की गाडी तुझी नाही, चिऱ्यांची."

त्यानं गियर तसाच ठेवला. इंजिन घुमत राहिलं, मागचं वजन गप बसलं. पाठीमागं चार मोटारी हॉर्न वाजवत होत्या. वाजवू देत. सपाटीला आल्यावर त्यानं बाजूला घेऊन त्यांना वाट दिली.