नियमात बसणारी लूट आणि आपली पोरं



भ्रष्टाचार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टेबलाखालून सरकणारे पाकीट येते. जगाची व्याख्याही याहून फार वेगळी नाही. १९९३ मध्ये बर्लिनला ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. सोपवलेल्या अधिकाराचा खासगी लाभासाठी गैरवापर म्हणजे भ्रष्टाचार, असे ती सांगते. १९९५ पासून ती देशांची क्रमवारी लावते आणि त्यासाठी तज्ज्ञ व उद्योजकांची मते धरते. संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार २००३ चा, भारताने तो ९ मे २०११ रोजी मान्य केला. सार्वजनिक पैसा वळवणे हा या करारात गुन्हा आहे, पण अधिकाऱ्याने तो स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या फायद्यासाठी वळवला असेल तर.

आमचा प्रश्न इथेच सुरू होतो. कोणाच्याच खिशात काही गेले नाही, कागद चोख आहे, सही-शिक्का आहे, आणि तरीही आमच्या वाट्याचे आमच्यापर्यंत आले नाही, तर त्याला काय म्हणायचे?

आम्ही अकोल्यात काम करतो. अकोला नव्हे, नगर जिल्ह्यातले अकोले. मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव, राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय. महादेव कोळी, ठाकर आणि आमच्या बौद्ध वस्त्यांतली मुले शिकायला बाहेर पडतात ती वसतिगृह, शिष्यवृत्ती, स्वाधार, स्वयंम यांच्या भरवशावर. हप्ता लांबला की खोलीचे भाडे थकते, मेसवाला डबा बंद करतो आणि पोरगी गावी परत येते. पुढे तिचे लग्न लागते. हा तोटा कोणत्याही निर्देशांकात मोजला जात नाही.

मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळू नयेत असे आमचे म्हणणे नाही, त्यांत आमच्याही आया-बहिणी आहेत. पण सरकारचे उत्तर नीट ऐका: हे नियमात बसते. याआधी दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी अनुसूचित जातींच्या घटक योजनेचे शेकडो कोटी वळवले गेले होते. त्या खेळांतल्या कंत्राटांचा घोटाळा देशभर गाजला, लोक तुरुंगात गेले. आमच्या निधीची बातमी मात्र आमच्याच लोकांनी जिवंत ठेवली.

२०११ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे रामलीला मैदानावर बसले. माहितीच्या अधिकारासाठी त्यांनी केलेला संघर्ष आम्ही नाकारत नाही. महाराष्ट्रात तो कायदा २००२ मध्येच आला, देशात २००५ मध्ये. पण जनलोकपालाच्या मसुद्यात जात कुठे आहे, हा प्रश्न विचारायला उदित राज यांना बहुजन लोकपालाची वेगळी मागणी घेऊन रस्त्यावर यावे लागले.

बाबासाहेबांना ही लूट फार आधी दिसली होती. १९१५ मध्ये कोलंबियात एमएसाठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्त तपासले. १९२५ मध्ये त्यांचा प्रांतिक वित्तावरचा ग्रंथ आला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतन हे बेकायदा नव्हतेच. चोवीस तास राबवून घेणे आणि मोबदल्यात तुकडाभर जमीन व बलुते देणे हे सारे कायदेशीर होते. बाबासाहेबांनी चोर शोधण्यापेक्षा कायद्यालाच हात घातला. आणि ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाला राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले. हिशेब तपासणारा माणूस किती मोलाचा, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून अभ्यासिकेतला एक मुलगा गेल्या वर्षी विचारायला आला, "दादा, सुशासनावर काम करणाऱ्या परदेशी संस्थेत संधी आहे. घरचे म्हणतात एमपीएससी सोडू नको, आणि कार्यकर्ते म्हणतात तिकडे गेलास की चळवळीतून गेलास," तेव्हा आम्ही त्याला जा म्हणालो. वडाळ्यात वाढलेले नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपर्यंत पोहोचले, त्याने चळवळीचे काही कमी झाले नाही. जगाच्या व्याख्या जिथे लिहिल्या जातात त्या खोलीत आपले कोणी नसेल, तर आपली लूट व्याख्येबाहेरच राहणार. निधी खर्च झाला का, एवढेच तिथे विचारले जाते. ज्याच्या नावाने होता त्याच्यावर झाला का, हे विचारणारा हवा.

पण तिकडे जाण्याआधी इकडचे शिका. जिल्हा वार्षिक योजनेत सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना असे तीन भाग असतात. आपल्या तालुक्याला त्यातून काय मंजूर झाले, किती आले, कशावर गेले, हे दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. महालेखापरीक्षकांचे अहवाल संकेतस्थळावर फुकट आहेत. आंध्रने आणि कर्नाटकने २०१३ मध्येच उपयोजनांचा कायदा केला. तरीही कर्नाटकात हा निधी सरसकट योजनांकडे वळवल्याचा वाद पेटलाच. म्हणजे महाराष्ट्रात असा कायदा मागायचाच, पण तो आला की घरी बसायचे नाही.

जयंतीला मिरवणुकीत नाचणाऱ्या शंभर पोरांपैकी पाच पोरांनी अर्थसंकल्पाचे पुस्तक उघडले, तरी मंत्रालयात निधी वळवणाऱ्याला सही करताना दोनदा विचार करावा लागेल. ती पाच पोरे अकोल्यात, संगमनेरात, राहुरीत आहेत. त्यांना शोधा. एमपीएससीचा अभ्यास करत असतील तर तो सोडायला लावू नका, फक्त हे एक पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवा.

जय भीम!