खादीवरचा टाका

शिवणयंत्रात वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतो. ही गाठ वर दिसली तर वरचा ताण जास्त, खाली दिसली तर कमी. एवढे शिकाऊ मुलालाही ठाऊक असते. वर्धा जिल्ह्यात खादी शिवणाऱ्याला मात्र ती नेमकी कुठे बसवायची, हा प्रश्न जन्मभर पुरतो. १९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी सिंगरचे शिवणयंत्र अपवाद मानले होते. त्यामुळे याच जिल्ह्यातल्या, चरख्याच्या सेवाग्रामातही त्याचे वावडे असण्याचे कारण नव्हते.

खालचा ताण आधी बघावा. बॉबिनची डबी दोऱ्याला लटकवली की आपोआप घसरू नये; हलका हिसका दिल्यावर थोडी उतरून थांबावी. डबीवरच्या ताणपत्तीखाली कचरा असेल तर स्क्रू पिळून काही साधत नाही. डबी जमली की उरलेले सगळे वरच्या चकत्यांवर. यंत्राचा पाय खाली असतानाच त्या दोरा धरतात.

मिलच्या कापडावर जमलेला ताण ठाणभर टिकतो. हातसूत कुठे जाड, कुठे बारीक, त्यामुळे एकाच शिवणीत वीतभरावर कापडाचा मध्य सरकतो. जाड जागी गाठ खाली राहते. विरळ जागी तोच ताण तिला वर ओढतो आणि शिवण चुणते. वरच्या चकत्या दाबणारा नट विरळ जागेला मानवेल इतकाच आवळावा. जाड जागची गाठ आतल्या अंगाला लपते, चुणी इस्त्रीनेही जात नाही. नट करकचून आवळून ‘मजबूत शिवण’ म्हणून विकणे ही खादीशी बेइमानी आहे.

ताण नुसत्या कानाने ओळखण्याचा लौकिक कारागिराला फार प्रिय. चिंधीवर टाका तपासताना गिऱ्हाइकाने पाहू नये, असे मुरलेल्या हातालाही वाटते. तरी चिंधी हवीच: त्याच कापडाची, तितक्याच पदरांची, वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून शिवलेली.

सुती रीळ आता मागे पडले, आणि अडचण वाढली. पॉलिस्टरचा दोरा ताणाखाली लांबतो, यंत्रावरून उतरल्यावर आखडतो. शिवताना सपाट दिसलेली शिवण नंतर चुणते. शिवाय कोरी खादी पहिल्या धुण्यात आटते, हा दोरा आटत नाही. म्हणून कापड आधी भिजवून वाळवावे आणि चाचणीची चिंधीही धुऊन, वाळवूनच पाहावी.