बुडालेली पिशवी

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. पावसाचे ढगसुद्धा सह्याद्रीपलीकडे बहुतेक ओझे उतरवूनच आमच्याकडे येतात. तेव्हा चिरंजीवांनी एके दिवशी पुण्याहून फोन करून, "अण्णा, मी पाणबुड्याचं शिक्षण घेतोय," असे सांगितले, त्या वेळी मी थट्टाच केली. म्हटले, "अरे, उन्हाळ्यात आपल्या विहिरीत घागर बुडत नाही, आणि तू—"

"माजलगाव विसरलात का?" एवढेच तो म्हणाला.

विसरणे शक्य नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये माजलगावच्या धरणात पोहायला उतरलेले एक गृहस्थ बुडाले. शोधासाठी थेट कोल्हापूरहून पथक आले आणि त्यातला एक जवान शोध घेता घेता स्वतःच प्राणास मुकला. त्या दिवशी मी काठावरच्या गर्दीत उभा होतो. गर्दीत पोहणारे पुष्कळ होते; खाली उतरू शकणारा एकही नव्हता. ही गोष्ट माझ्या मुलाच्या मनात इतकी खोल गेली असेल, याची मला कल्पना नव्हती.

शिक्षण निर्विघ्न पार पडले. मग त्याने स्वतःचे साहित्य घेतले. हवेच्या टाक्या भाड्याने मिळतात. पण तोंडाने श्वास घ्यायचा रेग्युलेटर, फुगवता येणारे जाकीट, मनगटावरचा छोटा संगणक, मुखवटा आणि बदकाच्या पायांसारखे फिन्स, असे सारे मिळून दीड लाखाच्या आसपास गेले. आमच्या घरात याआधी एवढ्या किमतीची एकच वस्तू आली होती, ती म्हणजे म्हशींची जोडी.

पुढल्या हिवाळ्यात तो मित्रांबरोबर कोकणात एका खासगी नावेतून गेला. परत येताना खाडीच्या तोंडाशी नाव कलंडली. कारण अगदी साधे. पितळेच्या जड तोट्या बसवलेल्या टाक्या एका बाजूला रचलेल्या, कोणीतरी डॉल्फिन दिसला म्हणून ओरडले, सगळे त्याच बाजूला धावले आणि नेमकी त्याच क्षणी आडवी लाट आली. माणसे सगळी वाचली. रात्री फोन आला.

"अण्णा, नाव उलटली. मी ठीक आहे. पण सामानाची पिशवी गेली."

आणि मी काय विचारले असेल? "विमा होता का?"

सौभाग्यवतींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "ओले कपडे बदललेस का? काही खाल्लंस का?" मी तसाच उभा राहिलो. माझा तो प्रश्न त्या घरात अजून कुठेतरी टांगलेला आहे, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांची जुनी कात्रणे काढून बसलो, तेव्हा छातीत धस्स झाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला अशीच स्कूबाहून परतणारी नाव उलटली होती. वीस पर्यटक होते. दोघे गेले.

विमा होता, प्रवासाचा. पण त्यातले कलम आम्ही नाव बुडाल्यावर वाचले. खेळाचे साहित्य वापरात असताना हरवले तर भरपाई नाही! मुलगा म्हणाला, "पिशवीत होतं, अंगावर नव्हतं." यावर पत्रव्यवहार झाला आणि आम्ही हरलो. पिशवीऐवजी जोडलेले जाकीट थोडे फुगवून ठेवले असते, तर ते तरंगत तरी राहिले असते, ही अक्कल त्याला नंतर आली.

वास्तविक विम्याच्या बाबतीत बीडकराला कोणी शिकवू नये. पिकाचे नुकसान झाले की बहात्तर तासांत कळवावे लागत असे, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. २०२० च्या खरिपात आमच्या जिल्ह्यासाठी एकही कंपनी पुढे येईना, तेव्हा तोडगा निघाला. भरपाई हप्त्यांच्या एकशे दहा टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार सरकारचा. भरपाई थोडी झाली तर कंपनीने वीस टक्के ठेवून उरलेले परत करायचे. त्यालाच पुढे 'बीड पॅटर्न' असे नाव पडले. असे आम्ही तज्ज्ञ. आणि मुलाच्या पिशवीचा कागद मात्र न वाचता कपाटात ठेवला!

माझा एक जुना विद्यार्थी विम्याचे काम करतो. त्याने सांगितले, "सर, घराच्या विम्याला जोडून ऑल रिस्क घ्या. एकेका वस्तूचं नाव, नंबर, पावती द्या. पण पाण्याखालचा वापर चालेल का, ते कंपनीकडून लेखी घ्या. आणि नुसती 'हरवली' म्हणाल तर कोणी ऐकणार नाही, पंचनामा पाहिजे." मग थोडे थांबून म्हणाला, "सर, मुलाच्या अपघात विम्यातसुद्धा बघा. अनेक पॉलिसींमधून असे साहसी खेळ वगळलेले असतात."

हे मला सुचलेच नव्हते.

त्याच सुमारास मुलाने मला अमेरिकेतली एक हकीकत सांगितली. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत पाणबुड्यांची एक बोट पहाटे पेटली; खाली झोपलेली चौतीस माणसे गेली. रात्री गस्तीला कोणी नव्हते. आणि मालकांनी काही दिवसांतच १८५१ च्या कायद्याचा आधार घेऊन न्यायालयाला सांगितले, की आमची जबाबदारी बोटीच्या उरलेल्या किमतीपुरती; आणि बोट तर जळून बुडाली, म्हणजे किंमत शून्य! पुढे २०२२ च्या अखेरीस तिथे लहान प्रवासी बोटींपुरता तो कायदा बदलला. ऐकून मी संतापलो, आणि लगेच मला माझा फोनवरचा प्रश्न आठवला.

आता त्याने पुन्हा पैसे साठवून साहित्य घेतले आहे. परवा सुट्टीत आला, तेव्हा आम्ही बापलेक ओसरीवर बसून शेतीच्या वहीत एकेक नंबर उतरवून घेत होतो. दोन्ही विम्यांचे अर्ज समोर होते. "साहित्य कोठे वापरणार?" असा एक रकाना होता.

"समुद्र लिहू ना?" मी विचारले.

"समुद्र लिहा, आणि माजलगाव धरणही लिहा," तो म्हणाला. "गाळात तळाचं काही दिसत नाही, खाली मासेमारीची जाळी असतात. तिथलं वेगळं शिकावं लागेल. ते शिकूनच उतरेन."

सौभाग्यवती दारात उभी होती. ती काही बोलली नाही, आत गेली. अर्ज माझ्या टेबलावर आहे. बाकीचे सगळे रकाने भरून झाले आहेत.