घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ललित लेखनाच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे काही मित्र म्हणतात. नावे आणि जमा या दोन बाजूंत सारे जग बसवायची आम्हाला सवय! पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक अशी वस्तू माझ्या हाती आली, की तिची नोंद कोणत्या बाजूला करावी हे मला अजून उमगलेले नाही. ती वस्तू म्हणजे आमच्या घरचा जुना लॅपटॉप.

आमचे घर पांढुर्ण्याला. "मध्य प्रदेशात मराठी कशी रे?" असे येथे आल्यापासून मला अनेकांनी विचारले आहे. 1956 पर्यंत आमच्या मुलखाची राजधानी नागपूरच होती. त्या साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. भाषा मात्र कोणी हलवली नाही. घरात मराठी, कचेरीत हिंदी, असे आमचे चालते. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौसर हे तालुके काढून पांढुर्णा जिल्हा झाला. माझे आजोबा पांढुर्ण्याचे आणि आजी सौसरची. तेव्हा हा जिल्हा आमच्या घरात सरकारच्या कितीतरी आधी झाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

तर हा लॅपटॉप 2013 साली ताई नागपूरला शिकायला गेली तेव्हा घेतला. किंमत तीस हजार. निम्मे बाबांनी दिले, निम्मे काकांनी. आयकरात संगणकावर घटत्या शिल्लक पद्धतीने 40 टक्के घसारा धरतात. सहज हिशेब केला, तर दहा वर्षांत तीस हजारांचे 181 रुपये उरतात! भंगारवाला तीनशे द्यायला तयार होता. म्हणजे नफाच होता. पण आजीने अडवले. तिला त्यातले फोटो पाहायचे होते. मोबाईलचा पडदा तिच्या डोळ्यांना पुरत नाही, आणि बोट लागले की चित्र पळून जाते. तेव्हा ठरवले, की या लॅपटॉपचीच भिंतीवरची तसबीर करायची.

काम वाटले तितके सोपे नव्हते. आधी बॅटरी काढली. ती फुगली होती, आणि फुगलेली बॅटरी घरात ठेवणे म्हणजे विस्तव ठेवणे. ती निराळी ठेवून नागपूरला ई-कचरा घेणाऱ्याकडे दिली. लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतो. मग बिजागरीचे स्क्रू काढून पडदा उलटा फिरवला आणि पाठीला पाठ लावून बसवला. पडद्याची वायर तेवढी नाजूक. ती दुमडली असती तर सगळा खेळ खलास! विंडोज इतके मंद झाले होते, की चहा पिऊन आलो तरी गोल फिरतच असे. ते पुसून लुबुंटू ही लिनक्सची हलकी आवृत्ती टाकली, आणि 'फेह' नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम. वीज आली की यंत्र सुरू व्हावे, वीस सेकंदांना एक चित्र यावे, पडदा आपोआप झोपू नये, आणि रात्री नऊला सारे बंद व्हावे, एवढी व्यवस्था केली. साधारण वीस वॅटचे काम; पाच तासांना एक दशांश युनिट. बाबांनी विचारण्याआधीच हा आकडा मी तयार ठेवला होता.

आमच्या आळीतल्या सुतारकाकांनी सागवानी चौकट करून दिली. वाफ कोंडू नये म्हणून खाली-वर भोके पाडली. काच मुद्दामच लावली नाही. टांगताना एक गोष्ट ध्यानात आली. असले जुने पडदे खालून पाहिले की काळे दिसतात. आजी तर दिवसभर बाजेवर बसलेली. मग तसबीर तिच्या डोळ्यांच्या रेषेत, चांगली खाली लावली. उभ्या माणसाला वाकून पाहावे लागते. पण ती उभ्या माणसासाठी नव्हतीच.

आजीचा पहिला आक्षेप निराळाच होता. "जित्या मानसाले भिंतीवर टांगतेत काय रे?" तिच्या लेखी भिंत ही हार घातलेल्यांची. मग चित्रे सुरू झाली आणि ती गप्प झाली. जुने अल्बम मी खिडकीपाशी नेऊन, उजेडात मोबाईलवर टिपले होते. सौसरच्या स्टेशनावरची ती छोटी गाडी आली. 2015 साली ती नॅरोगेज बंद झाली. आता तेथून मोठ्या रुळांवरची गाडी जाते. आजी म्हणाली, "याच गाडीनं मी माहेरी जात होती." मध्येच ताईच्या लग्नातले चित्र आडवे आले, तर म्हणते, "जावई आडवा काहून झोपला?" फोटो काढताना मोबाईल कसा धरला होता, याची नोंद फोटोतच असते, ती वाचून चित्र सरळ करण्याची सूचना प्रोग्रॅमला द्यायची मी विसरलो होतो.

आणि मग तो फोटो आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जांब नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्णा व दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. फोटो त्याच संध्याकाळचा, बाबांच्या विशीतला. काकांच्या कपाळाला पट्टी बांधलेली, आणि त्यांना खांद्यावर घालून नदीतून आणलेले बाबा शेजारी हसत उभे.

आजोबा गेल्यावर संत्र्याच्या बागेची वाटणी झाली. विहीर एकाच्या हिश्शाला आली, पाणी दोघांना हवे होते. चार वर्षांपासून बाबा आणि काका बोलत नाहीत. अंगण एक, दारे दोन.

बाबा जेवत होते. त्यांनी मान वर केली, पाहिले, आणि म्हणाले, "तो फोटो काढून टाक." मी उठलोही. आजी बाजेवरून म्हणाली, "राहू दे. विहिरीची वाटनी झाली, याची नाही झाली." कोणीच पुढे बोलले नाही. वीस सेकंद झाली आणि त्या जागी माझ्या बारशाचे चित्र आले.

मी फोटो काढला नाही. बाबांनीही पुन्हा सांगितले नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी बॅग भरत होतो. बाबा तसबिरीसमोर बाजेच्या कडेवर, अगदी खाली बसले होते. बराच वेळ बसले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तो गोटमारचा फोटो किती वेळानं येते?"

मी सांगितले, फोटो 412 आहेत. सारे एकदा फिरायला सव्वादोन तास लागतात. क्रम लावलेला नाही, म्हणून नक्की केव्हा येईल ते सांगता येत नाही. बाबांनी मान हलवली आणि बसून राहिले. नऊ वाजता पडदा काळा झाला. तोवर तो आला की नाही, हे मी विचारले नाही.

अंगणातली दोन दारे अजून दोनच आहेत. तसबीर टांगली आणि भाऊ एक झाले, असे लिहिले तर ते खोटे होईल. परंतु घटत्या शिल्लक पद्धतीत किंमत दरवर्षी कमी होत जाते, शून्य मात्र कधीच होत नाही, हे आमच्या सरांनी फळ्यावर करून दाखवले होते. तेव्हा मी ते परीक्षेपुरते लिहून घेतले होते.