ऐनाचा पुरता घेर

धसईला सकाळ उशिरा येते. पूर्वेला सह्याद्री उभा, दुर्ग-ढाकोबाचे कडे अंगावर आल्यासारखे, आणि त्यांच्या आड सूर्य कितीतरी वेळ रेंगाळतो. आभाळ केव्हाच उजळलेलं असतं, पाखरं बोलून बोलून दमलेली असतात, तरी भातखाचरांवर निळसर सावलीच पसरलेली असते. मग कड्याच्या माथ्यावरून ऊन घरंगळत खाली येतं, आधी रानाच्या शेंड्यांवर, मग माळावर, बांधांवर, कौलांवर, आणि शेवटी आमच्या नव्या घराच्या अंगणात. तिथं त्याला अडवणारं काहीच नसतं. नुसता मुरूम.

उन्हालाही टेकायला झाड लागतं.

मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात अशी अंगणं आता पुष्कळ दिसतात. घर बांधून झालं, कुंपण पडलं, की लोक रोपवाटिकेत जातात आणि गुलमोहर, रेनट्री, रांगेनं उभे करायचे पाम घेऊन येतात. गुलमोहराच्या रंगावर माझाही जीव आहे. पण तो मादागास्करचा, रेनट्री मध्य-दक्षिण अमेरिकेतला. मला हवं होतं इथलं झाड, ज्याला या कड्यांवरून उतरणारा वारा ठाऊक आहे, चार महिने कोसळणारा पाऊस अंगात मुरवून उरलेले आठ महिने कोरड्या मुरमात तग धरणं ठाऊक आहे. म्हणून मी बांधाबांधानं हिंडले.

आणि ऐनापाशी थांबले.

ऐनाच्या जवळ गेलं की नजर आधी सालीत अडकते. राखाडी-काळी, उभ्याआडव्या भेगांनी चौकोन चौकोन फुटलेली, सुसरीच्या पाठीसारखी. भेगेत बोट सरकवलं तर आत गारवा लागतो. एखादा मुंगळा लगबगीनं वाट बदलतो. पान उलटं केलं की देठालगत दोन बारीक गाठी बोटांना जाणवतात. ही साल आणि त्या गाठी, दोन्ही जुळलं की झाड ऐनच.

पण इथल्या शेतांत ऐन पुरता वाढलेला क्वचित दिसतो. भाताचा राब भाजायला त्याच्या फांद्या लागतात. कोयता चालतो, तोडलेल्या फांद्यांचा कवळ बांधून वाळत पडतो, आणि उन्हाळ्यात शेण-पाल्यासकट रोपाच्या जागेवर पेटतो. त्या राखेतून पावसाला पोपटी रोपं तरारून वर येतात. या मुलखाच्या ताटातला भात ऐनाच्या राखेवर वाढला, आणि ऐन मात्र वर्षानुवर्षं उभं खोड आणि माथ्यावर पानांचा झुबका एवढाच राहिला. दरवर्षी फुटतो, दरवर्षी देतो. शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पोटाची रीत आहे ती. पण एका संध्याकाळी तशाच एका खोडाला हात लावून उभी असताना मनात आलं, आपल्या अंगणात तर राब भाजायचा नाही. इथं कोयता येणार नाही. इथं त्याला आडव्या फांद्या हव्या तितक्या लांब नेता येतील, त्याचा पुरता घेर धरता येईल.

अंगण कशासाठी असतं, ते मला तिथं कळलं.

ऐनाच्या सोबतीला मोह ठरला. "घराला खेटून नका लावू ताई," शेजारच्या कातकरी आजी म्हणाल्या, "रातच्याला वटवाघळं येतात, झोप मोडेल." चैत्राच्या रात्री मोह खरंच जागा असतो. पानं बरीचशी गळलेली, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस, आणि तो वास, गोड, जड, किंचित आंबूस, उघड्या खिडकीतून आत येऊन उशाशी बसणारा. अंधारात पंख फडफडतात, घोसांना लोंबकळतात, एका झाडाचे पराग दुसऱ्याकडे नेतात. पहाटे फुलं गळू लागतात. मलईच्या रंगाची, रसानं टपोरलेली. आजींनी पाचोळा आधीच झाडून जागा स्वच्छ केलेली असते; फूल मातीला लागायचं, की टोपलीत.

आणि उंबर. घराच्या पायापासून चांगला लांब, ओढ्याच्या अंगाला. त्याच्या बंद फळात इवल्याशा माशीची पिढी जन्मते, तिच्यावर त्याचं बी अवलंबून, आणि पिकलेल्या फळांवर धनेश, हरियाल, खारी, वटवाघळं सगळ्यांचीच भूक. वर भीमाशंकरच्या रानात शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेपावते, ती माझ्या अंगणात उतरणार नाही. हरियाल येईल.

या झाडांना घाई नाही. मोह फुलायला दहा-बारा वर्षंही घेईल. जवळच्या नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी वाट खोदली. घाट उतरून दमलेली माणसं, पाठीवरचं ओझं उतरवून, ऐन-मोहांच्याच सावलीत टेकली असतील. त्या सावलीचा एक तुकडा घराशी असावा, एवढीच माझी हौस.

तुम्हीही घर बांधत असाल तर रोप आणण्याआधी समोरचा डोंगर नीट पाहा. तिथं जे आपसूक उभं आहे, तेच तुमचं झाड. ऐनाची पाच पंखांची फळं उन्हाळ्यात वेचा. मोहाचं बी फळ पिकल्याबरोबर, पावसाच्या तोंडावर लगेच पेरा. ठेवलेल्या बियांची उगवण जाते. भिंतीपासून निदान पंचवीस-तीस फूट सोडा, बुंध्याभोवती सिमेंट घालू नका, आणि वाढू लागलं की छाटायची घाई करू नका. अंगण लहान असेल तर एकच लावा, पण त्याला त्याचा पुरता घेर धरू द्या.