पानांवाचून हिरवी

आमचं सुरतेकडचं भेस्तान ओल्या मुलखातलं. उधन्याच्या पुढे रुळांच्या दोन्ही अंगांना गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला असतो. पण सुरतेचा पाऊस असा, की इथं हिरवं राहण्यात नवल काय, असंच वाटत आलं. सूर्यनगरी एक्स्प्रेसनं जोधपूरला उतरलो आणि मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा पार्कात शिरलो, तेव्हा नवल म्हणजे काय ते कळलं.

पायाखाली ज्वालामुखीचा तांबूस, टणक खडक. माती नावालाच. त्यात केराचं झुडूप उभं, खानदेशात आम्ही ज्याला नेपती म्हणतो ते. पान एक नाही, आणि अंगभर हिरवं! कोवळ्या फुटीवर आलेली इवलीशी पानं ते लगेच गाळून टाकतं आणि अन्न शिजवायचं काम हिरव्या काड्यांवर सोपवतं. पानच नाही, तर पानातून पाणी उडणार कुठून? वर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर विटकरी फुलांनी लगडतं. मी तिथून हलेचना.

थोराची तऱ्हा आणखी निराळी. दिवसा तो आपली रंध्रं मिटून घेतो. रात्री हवा गार झाली की ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो, आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी दारं लावूनच त्याचं अन्न करतो. रुई मात्र चांगली रुंद पानं मिरवते. त्यांवरच्या पांढुरक्या लवेमुळे ऊन परततं आणि वारा पानाला थेट भिडत नाही. पाणी साठवण्यापेक्षा ते जाऊ न देण्यातच या झुडपांची खरी करामत आहे, असं मला वाटतं.

2006 साली इथं पार्काचं काम सुरू झालं, तेव्हा हा सारा डोंगर गांडो बावळानं व्यापला होता. मूळचा अमेरिका खंडातला हा पाहुणा. वरून तोडला की खालून पुन्हा फुटतो. पार्क उभारणाऱ्या प्रदीप कृष्ण यांनी मग खाणकाम करणाऱ्या खंडवालियांना बोलावलं. ही माणसं हातोडीनं खडक ठोकतात आणि आवाजावरून तो कुठे भरीव, कुठे भेगाळ ते ओळखतात. बावळाची मुळं त्यांनी खडकातून खणून काढली. जिथे आवाज पोकळ आला तिथे खड्डे घेतले, आणि मरुभूमीतली झाडंझुडपं त्या खड्ड्यांत लावली. पावसाचं पाणी मुरतं तेही त्याच भेगांत.