वजनकाटा

स्पर्धेच्या सकाळी मॅट अंथरायच्या आधी वजनकाटा मांडला जातो. शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल, टेबलावर जन्मदाखल्यांची चळत, बाजूला काटा. किशोर गटाची पोरं शर्ट-चपला काढून रांगेत उभी. वय १६ च्या आत आणि वजन ५५ किलोच्या आत, ही अट. काट्यावर पाय ठेवताना प्रत्येक पोरगा श्वास रोखतो. त्याने एक ग्रॅमही कमी होत नाही, हे त्याला ठाऊक असतं, तरी रोखतो. पंचवीस वर्षं मी या रांगेच्या टोकाशी उभा राहत आलोय. पोरांना कबड्डी शिकवणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते, असं आता माझं ठाम मत झालंय.

चिंचपोकळीहून निघून लालबाग, परळ करत दादरपर्यंत चालत गेलं तर तास-सव्वा तास लागतो. तेवढ्या वाटेत कबड्डीचे संघ किती, हे मोजायचं मी कधीच सोडून दिलंय. गल्लीला मंडळ आहे आणि मंडळाला गणपतीसारखाच कबड्डीचा संघही आहे. दादरला अमर हिंद मंडळ १९४७ पासून उभं आहे, विजय क्लब आहे. मुलींमध्ये शिवशक्ती आहे, परळचं डॉ. शिरोडकर आहे. ज्यांची नावं कधी छापून येत नाहीत अशी मंडळं तर याच्या कितीतरी पट. शेजारच्या गल्लीतला संघ हाच सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी. ज्याच्याशी सकाळी उपांत्य फेरीत झटापट झाली, त्याच्याच घरी संध्याकाळी सत्यनारायणाचा प्रसाद घ्यायला जायचं, अशी आमची रीत.

हे सगळं कापडगिरण्यांनी दिलं. एका खोलीत दहा-बारा माणसं राहायची. पाळी सुटलेल्या तरुणाला घरात बसायला जागा नसायची, पण चाळीसमोर अंगण होतं. कबड्डीला ना बॅट लागते ना चेंडू. चुन्याच्या चार रेघा मारल्या की मैदान तयार. चांगला खेळतो म्हणून गिरणीत चिकटवून घेतलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. वडील पुन्हा कामावर गेलेच नाहीत. त्या वर्षांत चाळीतली मोठी पोरं संध्याकाळी नेमाने मैदानात उतरायची आणि आम्ही रेघेबाहेर बसून त्यांचे पाय बघायचो. दिवसभर काम शोधून आलेल्या माणसाला हक्काने ‘ये, डावा कोपरा सांभाळ’ म्हणणारी तेवढी एकच जागा उरली होती. १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली, भारताने सुवर्ण जिंकलं, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. कबड्डीसाठी आयुष्य वेचलेल्या शंकरराव तथा बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आम्ही आजही मैदानाची पूजा करून नारळ फोडतो.

आज गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत. अंगणं आक्रसली, माती गेली, मॅट आली. २६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआयमध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला आणि खेळाडू टीव्हीवर दिसू लागले. त्याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या खेळासाठी घरी मार खायचो, त्याच खेळासाठी आता आई-वडील पोराला हाताला धरून आणतात. पण त्याबरोबर पोरांची ओढाताणही वाढली. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि वर प्रो कबड्डीचा लिलाव आहे. प्रमाणपत्राला किंमत आली, तशी चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या पकडीलाही आली. हंगाम संपला की कुणीतरी घरी जाऊन बूट, ट्रॅकसूट, प्रवासखर्च कबूल करतं आणि आपण तीन वर्षं घडवलेला चढाईपटू जूनमध्ये दुसऱ्या मंडळाच्या जर्सीत दिसतो. मी त्यांना दोष देत नाही. गरजेच्या घरात बुटांची जोडी ही मोठी गोष्ट असते.

मी शिकवतो ते मुख्यतः कोपरा. चढाई सगळ्यांनाच हवी असते, कारण टाळ्या चढाईला पडतात. कोपऱ्यात उभा राहणारा पोरगा वेगळा असतो. त्याला थांबता यावं लागतं. चढाईपटू तीस सेकंद दम घुमवत समोर नाचतो, हात फिरवतो, खांदा टाकतो. नव्या पोराची नजर त्या हातांवर जाते आणि तो फसतो. मी सांगतो, ‘कमरेकडे बघ. हात हूल देतात, कंबर देत नाही.’ चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा दुसरा पाय हवेत असतो. तोच एक क्षण. दोन्ही हातांनी घोटा धरायचा, डोकं त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचं, घोटा छातीशी ओढायचा आणि सोडायचा नाही. बाकीचे सहा जण येईपर्यंत दीड-दोन सेकंद एकट्याने धरून ठेवायचं असतं. ते दोन सेकंद शिकवायला दोन वर्षं लागतात. त्या दोन सेकंदांना लागते ती ताकद मांडीतून येते आणि मांडी येते ती भाकरी, भात, अंड्यांतून.

माझ्याकडे असाच एक उजवा कोपरा होता, करोनाच्या आधी. पंधरा वर्षांचा, पायांत मांजरासारखा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तो मर्यादेपेक्षा नऊशे ग्रॅम जास्त भरला. आमच्याकडे तेव्हा काटा नव्हता. वाण्याच्या दुकानातल्या, तांदळाची पोती मोजायच्या काट्यावर आम्ही वजन करायचो. मी त्याला जर्किन घालून पळवलं. रात्री जेवू दिलं नाही, पाणी फक्त चूळ भरण्यापुरतं. सकाळी तो पन्नास ग्रॅमने बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. उपांत्य सामन्यात उत्तरार्धाच्या शेवटी त्याच्या पोटरीत गोळा आला. त्याने घोटा बरोबर पकडला होता, पण बोटं आपोआप उघडली. त्याला उचलून बाहेर आणलं, मीठ-साखरेचं पाणी दिलं. स्पर्धा आम्ही जिंकलो. चषक मंडळाच्या कपाटात आहे.

दोन-तीन दिवसांनी त्याची आई सरावाच्या वेळी आली. पदराने घाम पुसत बाजूला उभी राहिली, पोरं पाणी प्यायला गेल्यावर पुढे आली. म्हणाली, ‘सर, एक विचारू? त्याने किती जेवायचं ते तुम्ही सांगाल का? अर्धी पोळी खातो आणि उठतो. म्हणतो, सरांनी सांगितलंय.’ मी असं काही सांगितलं नव्हतं. पण मी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि पोराला तेच सांगणं वाटलं होतं. त्या बाईच्या आवाजात राग नव्हता. तिने मला माझ्या हुद्द्याने हाक मारून सल्ला विचारला होता, आणि मी मान वर करू शकलो नाही. पोरगा पुढच्या वर्षी दहावीच्या अभ्यासाचं कारण सांगून सुटला, तो परत आला नाही.

त्यानंतर मी मंडळाच्या बैठकीत एकच गोष्ट मागितली. आमच्याकडे वजन उतरवणं बंद. पोरगा वाढला, तर तो कुमार गटात जाईल. तिथे वय २० आणि वजन ७० किलोपर्यंत चालतं. तिथे मैदान १३ मीटर बाय १० मीटरचं, वीस-वीस मिनिटांचे डाव, समोर मिसरूड फुटलेली पोरं. पंधरा वर्षांचा पोरगा तिथे वर्षभर आपटला जाणार हे मला कळत होतं. कार्यकर्त्यांनाही कळत होतं. एक जण म्हणाला, ‘सर, बाजूचे सगळे उतरवतात. आपणच कशाला मागे राहायचं?’ प्रश्न खरा होता. त्यानंतर दोन वर्षं किशोर गटात आम्ही उपउपांत्य फेरीच्या पुढे गेलो नाही आणि तीन पोरं दुसऱ्या मंडळांत गेली.

तरी माझं म्हणणं बदललं नाही. किशोर गटाचा चषक हा पोराच्या वाढत्या हाडांतून काढायचा नसतो. कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो आणि साथीदाराने गुण आणला की पुन्हा आत येतो. या खेळाइतकी परत येण्याची संधी दुसरा कुठला खेळ देतो, मला माहीत नाही. पण जो पोरगा खेळच सोडून जातो, त्याला कुणाच्याच गुणाने आत आणता येत नाही.

मागच्या हंगामात काट्यावर आमचा एक कोपरा ५५ किलो ६०० ग्रॅम भरला. वेळ होता, पळवलं असतं तर बसला असता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘जा, पोहे खाऊन ये.’ आम्ही तीन गुणांनी हरलो. तो रेघेबाहेर बसून प्रत्येक चढाईला सेकंद मोजत ओरडत होता, आवाज बसेपर्यंत.

यंदा तो कुमार गटात आहे, एकसष्ट किलोचा. पहिल्या चार सामन्यांत त्याला फक्त मॅट दिसली. पाचव्या सामन्यात, प्रभादेवीला, एक अंगापिंडाने दुप्पट चढाईपटू बोनसला पाय टाकायला आला. आमच्या पोराने घोटा धरला. चढाईपटू त्याला मध्यरेषेच्या दिशेने हातभर फरफटत घेऊन गेला, मॅटवर घामाचा पट्टा उमटला, बाकीचे धावत आले. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो. शिट्टी वाजेपर्यंत ती मिटलेलीच होती.